रेडिएटरची टोपडी

१७ ऑक्टोबर, रविवार

ही वही नाइजलनं दिली. नाइजल म्हणजे माझा जावई. शाळेत भूगोल शिकवतो, तिथं उरलेल्या वह्या घरी आणतो आणि भेट म्हणून लोकांच्या हातात ठेवतो. "आई, रोज चार ओळी लिहा, डोकं तल्लख राहतं," म्हणाला. मेल्या, माझं डोकं तल्लख नसतं तर पंधराव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत चार-चार माग एकटीनं सांभाळले असते का? त्या मागांच्या खडखडाटात कानांचा काही उपयोग नसायचा. आम्ही बाया एकमेकींच्या ओठांवरून बोलणं वाचायचो. ती विद्या अजून शाबूत आहे. काचेच्या दाराआड कोण काय बोलतंय ते मला आरामात कळतं. नाइजलचं तेवढं कळत नाही. त्याची मिशी दाढीत आणि दाढी मिशीत. ओठ आहेत की नाहीत ते जेवताना काय ते दिसतं.

तर मी विनिफ्रेड, सगळे विनी म्हणतात. या महिन्यापासून लेकीकडे राहायला आले आहे. माझं घर वर चढावर, जिना उभा, आणि माझी छाती दर हिवाळ्यात भात्यासारखी वाजते. डॉक्टर म्हणाले, एकटीनं राहायचं नाही आणि गारठ्यात तर मुळीच राहायचं नाही. गिलियन म्हणाली, "आई, नाताळपर्यंत आमच्याकडे राहून बघ, मग ठरवू."

काय ठरवायचं ते मला ठाऊक आहे. स्वयंपाकघरातल्या खणात, चमच्यांच्या खाली, विलो लॉज या वृद्धाश्रमाचं रंगीत पत्रक आहे. वर फोटो. म्हाताऱ्या बाया गोल बसल्यात आणि दात तपासायला आल्यासारख्या हसतायत. माझ्या शेजारच्या मागावरची एक मैत्रीण तिथं गेली. गिरणीच्या आवाजावर आवाज काढणारी बाई, पण तिथं गेल्यावर कुजबुजायला लागली. मी भेटायला गेले तर म्हणाली, "हळू बोल, चहा बंद करतात."

पण मी खूश आहे हं! इथं नाइजलची अभ्यासिका मला दिली आहे. खिडकीतून माळरान दिसतं, मेंढ्या दिसतात, आणि समोरची बाई नवऱ्याला किती वेळा घराबाहेर काढते तेही दिसतं. नाइजल त्याचे नकाशे आणि पृथ्वीचा गोळा घेऊन गॅरेजमध्ये गेला. आता तिथं ओव्हरकोट घालून वह्या तपासतो. खोली गेल्याचा राग असणारच. दाखवत नाही, दाढी आहे ना.

२४ ऑक्टोबर, रविवार

आयतं बसून खाणारी मी नव्हे. या घरात प्रत्येक खोलीत रेडिएटर आहे आणि प्रत्येकाच्या पायाशी एक पांढरी मुंडी, नाइजल तिला व्हॉल्व्ह म्हणतो. तिच्यावर आकडे. आकड्यावर फिरवून ठेवली की आजूबाजूची ऊब म्हणे तिची तीच ओळखते आणि पुरे झाली की रेडिएटर बंद करते. पण दिसायला कशी, तर आमच्या चॅपलच्या पाद्रीबुवांच्या टकलासारखी. आमच्या घरात टक्कल उघडं ठेवायची पद्धत नाही. चहाच्या किटलीला टोपडं, उकडलेल्या अंड्याला टोपडं, गरम पाण्याच्या पिशवीला झबलं, संडासातल्या कागदाच्या गुंडाळीला घेरदार फ्रॉक आणि वर बाहुली. मग या बिचाऱ्या मुंड्यांनीच काय पाप केलं?

म्हणून आठवडाभर बसून सात टोपडी विणली. दुहेरी लोकर, आतून अस्तर, वर गोंडा. गिलियनच्या खोलीला जांभळं, माझ्या खोलीला पिवळं, बैठकीच्या खोलीला निळं-पांढरं पट्ट्यांचं. फक्त जिन्याखालच्या बोळातला रेडिएटर राहिला. तो जुना, त्याला नुसतं चपटं काळं चाक. डोकंच नाही तर टोपडं कुठं घालणार?

गिलियन म्हणाली, "अगं आई, किती गोड!" नाइजलनं तोंड उघडलं. गिलियननं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तोंड मिटलं. नंतर काचेच्या दारातून मी तिचे ओठ वाचले. "विणकामाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. तिला इथं आपलं वाटू दे." शहाणी आहे माझी लेक.

म्युरियल स्पेन्स्ली बघायला आली. ही चॅपलच्या हस्तकलेच्या टेबलाची मालकीण. म्हणजे तसं तिला वाटतं. हॅरोगेटला, म्हणजे बड्या लोकांच्या गावात, तिची बहीण राहते आणि त्या बहिणीशिवाय म्युरियलचं एक वाक्य पुरं होत नाही. टोपड्यांकडे बघून म्हणाली, "वेगळंच आहे हं." म्हणजे जळली.

३१ ऑक्टोबर, रविवार

आज घड्याळं एक तास मागे केली आणि हीटिंग सुरू झालं. त्याआधी आमच्या गावात कोणी हीटिंग लावत नाही. नाक लाल झालं, बोटं निळी झाली तरी चालेल, पण घड्याळं मागे होण्याआधी बॉयलर लावला तर तो माणूस दक्षिण इंग्लंडातला, नाजूक. मागच्या गल्लीत एकानं सप्टेंबरात लावलं होतं. अजून त्याचं नाव निघतं.

तर नाइजलनं समारंभानं बटण दाबलं. बॉयलर घुरघुरला. आम्ही सगळे खोल्यांत जाऊन हात पुढे करून उभे राहिलो. रेडिएटर जरा कोमट झाले, आणि मग जे रुसले ते रुसलेच. बोळात मात्र भट्टी. बोळाच्या भिंतीवर एक पांढरा डबा आहे, तो म्हणे ऊब मोजतो आणि पुरे झालं की बॉयलर बंद करतो. बोळ तापला, डबा टिक् वाजला, बॉयलर बंद, आणि आम्ही खोल्यांत कुडकुडत.

"पहिल्या दिवशी असं होतं," नाइजल म्हणाला.

"तुझ्या लग्नाच्या पहिल्या दिवशीही तू हेच म्हणाला होतास," मी म्हटलं. गिलियनला हसू आवरेना. तो गॅरेजमध्ये गेला.

मग आम्ही बोळातच बसलो, जिन्याच्या पायऱ्यांवर, एकाखाली एक, बशीवर बशी रचावी तसे. बिस्किटही आली, ही घरातली मांजर. फार मजा आली. टीव्ही नाही, नुसत्या गप्पा. नाइजल सर्वात खालच्या पायरीवर, दाराखालून वारा येतो तिथं.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज इंग्लंडभर होळ्या पेटवून फटाके उडवायचा दिवस. मी आल्याचा पार्किन केक केला, चिकट आणि काळा, जसा हवा तसा. नाइजलनं जाहीर केलं की रेडिएटरमध्ये हवा अडकली आहे. एक इवलीशी किल्ली घेऊन घरभर फिरला. किल्ली फिरवली की सुस्स करून हवा येते आणि मग पाणी येतं. पाणी आल्यावर किल्ली बंद करायची असते. हे त्याला बैठकीच्या खोलीत कळलं. सगळं काळं पाणी दाढीत.

"पुसा, पुसा, गालिचा पुसा!" गिलियन ओरडली.

"मला कोण पुसणार?"

"तू धुण्यासारखा आहेस, गालिचा नाही."

त्याचे हात इतके काळे की मी आधीच पळत जाऊन सातही टोपडी काढून ॲप्रनच्या खिशात घातली होती. लोकरीवरचा तो डाग जन्मात निघत नाही. आणि काय सांगू, त्याचं काम संपेपर्यंत सगळे रेडिएटर चटके बसतील असे तापले! नाइजल तर नाचला. बाहेर लोकांची होळी आणि आत आमची दिवाळी, असं त्याचं तोंड. सगळे फटाके बघायला बाहेर गेले तेव्हा मी टोपडी परत चढवून घर नीटनेटकं केलं.

सगळे परत आले तर घर पुन्हा थंड. ही आजकालची शिकलेली माणसं. काम करतात, टिकत नाही.

९ नोव्हेंबर, मंगळवार

आज मुंडीखालची पिन. उन्हाळाभर बंद राहिली की ती अडकून बसते म्हणे. संगणकावर एक माणूस दाखवतो, मुंडी काढा, पिनेला हातोडीनं हळूच टिचक्या मारा, तेल लावा. नाइजलनं प्रत्येक मुंडी काढली, टिचक्या मारल्या. पाना शोधत तासभर घर उलथंपालथं केलं, आणि पाना त्याच्याच पट्ट्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी टोपडी घेऊन मागं मागं. तो काढणार, मी सांभाळणार, तो बसवणार, मी नेसवणार. काम चालू असताना गरम, संपल्यावर गार.

१४ नोव्हेंबर, रविवार

खोकला सुरू झाला. फार नाही, पण छाती वाजते.

चॅपलहून आल्यावर मी बोळात बसले होते. स्वयंपाकघराचं काचेचं दार बंद, आत ती दोघं. ओठ वाचू नयेत हे मलाही कळतं. पण डोळे मिटून बसायला मी काही विलो लॉजमध्ये नाही. अजून.

गिलियन म्हणाली, "हो, कळतंय मला तुझं म्हणणं." मग दाढी हलली, बराच वेळ. "अरे, पण तिची छाती!" पुन्हा दाढी. "तिथं निदान ऊब तरी आहे, नाइजल." या वेळी दाढी हलली, दोन्ही हात हलले, चहा सांडला. "बरं, नाताळपर्यंत. त्याच्यापुढे मी ऐकणार नाही." मग तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो नाक शिंकरत गॅरेजमध्ये गेला.

स्पष्ट आहे. त्याला मी आजच जायला हवी आहे, आणि माझी लेक बिचारी नाताळपर्यंत खिंड लढवतेय. मी काय समजत नाही? हा गारठासुद्धा त्यानंच तर केला नसेल ना! त्याशिवाय भूगोलाचा मास्तर रोज गुडघ्यावर बसून रेडिएटर कशाला कुरवाळेल?

संध्याकाळी माझ्या दारावर टकटक. हातात डोंगरावर नेतात ती जाडजूड पिसांची झोपायची पिशवी. "आई, आजपासून यात झोपा. ही बर्फातही चालते. माझी आवडती आहे." बघा! माणसाला आधी पिशवीत घालायचं, मग रवाना करायचं. वर माझ्या टेबलावर थर्मामीटर ठेवून गेला. येता-जाता डोकावून बघतो आणि कपाळावर आठ्या. पाळत, दुसरं काय!

पिशवी मात्र उबदार आहे हं. कबूल करते.

१७ नोव्हेंबर, बुधवार

आज प्लंबर आला. ग्लेन नावाचा, गुबगुबीत. परका माणूस घरात येणार म्हणून मी सकाळीच सातही टोपडी धुऊन वाळत घातली. आपल्या घराबद्दल कोणी वाकडं बोलायला नको.

प्लंबर कसा असतो? आधी चहा. मग बॉयलरचं दार उघडून दातांतून सूं करून हवा ओढायची. मग मान हलवायची. मग विचारायचं, "कुठल्या गाढवानं बसवलंय हे?" हे सगळं त्यानं क्रमानं केलं. गिलियननं बॉयलरच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद दाखवला. त्यावर बसवणाऱ्याचं नाव. ग्लेनचंच.

"हां," ग्लेन म्हणाला. "तेव्हा माझ्याकडे एक पोरगा होता कामाला."

मग त्यानं सगळे रेडिएटर चाचपले. सगळे रसरशीत! माझ्या खोलीतला तर हात लावू देईना. "आजी, बिघाड कुठाय? तुम्हाला थंडी वाजते ती वयाची." मी त्याचा चहाचा कप काढून घेतला. अर्धा भरलेला होता.

नाइजलचा चेहरा पाहण्यासारखा. शाळेतून दुपारची सुट्टी काढून आला होता. "पण काल रात्रीपर्यंत... मी लिहून ठेवलंय..." असं काहीबाही बोलत राहिला. ग्लेन गेला. चहाच्या वेळेला टोपडी वाळली. मी चढवली, छान फुलून आली होती. रात्री पुन्हा बर्फाचं घर.

जाताना नक्की काहीतरी फिरवून गेला असणार, पुन्हा बोलवावं म्हणून.

२२ नोव्हेंबर, सोमवार

मागच्या खोलीत चमत्कार! एकाएकी तिथं मे महिना. बिस्किट सकाळपासून तिथंच पसरलेली. नाइजल म्हणतो की काल त्यानं त्या पिनेला जी शेवटची टिचकी मारली तिचा हा परिणाम. छाती फुगवून फिरत होता. "तंत्र सापडलं, आई! आता एकेक खोली घेतो."

मी म्हटलं, "घे बाबा. आज मागची खोली, उद्या इंग्लंड."

नंतर मला दिसलं की त्या बिस्किटनं तिथलं हिरवं टोपडं ओढून काढलंय आणि त्याच्यावर अंग मुडपून झोपली आहे. आधीच गेल्या नाताळात मी नाइजलला विणून दिलेला स्वेटर तिच्या टोपलीत आहे. जावई घालत नाही म्हणून मांजरीनं घ्यावा, असली या घराची वाटणी. टोपडं फाडलं होतं. मी चहापर्यंत दुसरं विणून बसवलं.

रात्री तीही खोली गार. टिचकीचं आयुष्य एक दिवस. नाइजल जिन्याच्या खालच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. मी त्याला पार्किनचा शेवटचा तुकडा दिला. शत्रू असला तरी उपाशी ठेवू नये.

२८ नोव्हेंबर, रविवार

बर्फ. माळरान पांढरं, मेंढ्या पिवळ्या दिसतात. चॅपलला गेले नाही. खोकल्यानं बरगड्या दुखतात. डॉक्टर येऊन गेले, नळी लावून ऐकलं आणि गिलियनला बोळात घेऊन गेले. पाठमोरे होते. गिलियनचे ओठ दिसले. "हो. हो. नाही, मी विलो लॉजला फोन करते. नाताळपर्यंत थांबत नाही आता."

पत्रक खणातून निघून टेबलावर आलं. चमच्यांच्या शेजारी, उजळ माथ्यानं.

मी रडले नाही. अंगठ्याएवढं काहीतरी विणत बसले. काय होतंय ते मलाच कळेना, म्हणून उसवलं.

४ डिसेंबर, शनिवार

चॅपलची नाताळची जत्रा. गिलियन नको म्हणत होती, पण मी म्हटलं, सोमवारी विलो लॉजचे लोक मला बघायला येणार आहेत, मग शनिवारी मला म्युरियलला बघू दे. पुढे संधी मिळेल न मिळेल.

झालं असं की काल म्युरियल येऊन म्हणाली, "विनी, यंदा तुझं काही टेबलावर नसलं तरी कोणी काही म्हणणार नाही हं. तू आजारी." तोंडात साखर आणि सुरी दोन्ही. ती गेल्याबरोबर मी विचार केला, रिकाम्या हातानं जायचं नाही. सकाळी घरातली सातही टोपडी काढली, झटकली, गोंडे विंचरले आणि घेऊन गेले. जाणाऱ्या बाईला टोपडी काय करायची! ज्यांच्या मुंड्या त्यांना लखलाभ.

तिथं गर्दी अशी जमली की काय सांगू. पाद्रीबुवांनी एक हातात घेऊन स्वतःच्या टकलाकडे नेलं, मग लाजून खाली ठेवलं. म्युरियलच्या छपरी किटली-टोपड्यांकडे कोणी ढुंकून बघेना. शेवटी ती स्वतःच पुढे आली आणि सगळी सातही उचलली. "नाताळला हॅरोगेटहून बहीण येतेय. घर कसं टापटीप दिसलं पाहिजे." मी नुसती हसले. त्या हसण्यानं माझा खोकलाही थांबला होता.

नाइजल आला नाही. घरी कसलंसं 'बॅलन्सिंग' करत होता. रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाचे स्क्रू पाव-पाव फिरवायचे आणि कागदावर लिहायचं. सकाळी दाढी न विंचरता म्हणाला, "आई, मला फक्त उद्यापर्यंत वेळ द्या." मला कशाला विचारतोस रे? वेळ काय माझ्या खिशात आहे?

५ डिसेंबर, रविवार

जागी झाले ती घामानं. झोपायच्या पिशवीतून बाहेर पडले, मग शाल काढली, मग बंडी काढली. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. थर्मामीटर बघितलं, मला त्यातलं कळत नाही, पण लाल रेघ चांगली वर चढली होती.

बाहेर आले तर घरभर तीच ऊब. गिलियन बिनबाह्यांच्या झग्यात, बिस्किट बैठकीच्या खोलीत उताणी, आणि नाइजल रेडिएटरला गाल लावून जमिनीवर बसलेला. डोळे मिटलेले. मला वाटलं गेला की काय.

"नाइजल?"

"झालं, आई," तो म्हणाला. "झालं. पाव फेरा. सगळा खेळ त्या पाव फेऱ्याचा होता."

गिलियननं पत्रक उचललं, दोनदा घडी घातली आणि मांजरीच्या बशीखाली ठेवलं. "मी उद्या त्यांना फोन करून नको म्हणते," ती म्हणाली. "आई, ती खोली तुझी. नाताळ-बिताळ काही नाही, कायमची."

मी म्हटलं, "नाइजलला विचारलंस का?"

तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं, जणू मी पृथ्वी चपटी आहे म्हणाले. "त्याला? आई, तो महिनाभर काय करत होता असं तुला वाटतं?"

आता मला काय वाटत होतं ते इथं लिहिलंय, तिला कशाला सांगू. पण एक आहे, दाढीवाल्या माणसांनी जरा हातवारे तरी नीट करावेत. समोरच्याला कळायला नको?

२६ डिसेंबर, रविवार

नाताळ फार छान झाला. बदक, सॉस, कोबीचे इवले गड्डे, आणि पुडिंगवर ब्रँडी पेटवताना नाइजलच्या मिशीचं एक टोक. छाती स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "काय केलंत?" मी म्हटलं, "जावयानं पाव फेरा फिरवला." त्यांनी माझ्या डोळ्यांत टॉर्च मारून पाहिला.

मुंड्या मात्र उघड्या बोडक्या दिसतात. लाल लोकर आणून ठेवली आहे, जाड. जानेवारीत नवी टोपडी. या वेळी कानांवरूनही येतील अशी करणार.

८ जानेवारी, शनिवार

आजचा दिवस लिहायलाच हवा. हसून हसून पोट दुखतंय, पण नेमकं कशाला हसतेय ते म्युरियल सोडून सगळ्यांना सांगता येईल.

सकाळी म्युरियलचा फोन. रडकुंडीला आलेली. "विनी, तुझ्या जावयाला पाठव गं. महिनाभर घर नुसतं शवागार झालंय. बहीण हॅरोगेटला परत जायचं म्हणते." मी म्हटलं, "थांब, विचारते. त्याला फार मागणी असते आजकाल." मागणी कसली, तो मोजे शोधत होता. आम्ही दोघं गेलो. मी कशाला? बहीण बघायला.

बहीण सोफ्यावर फरकोट, टोपी आणि हातमोजे घालून, मांडीवर पर्स. आगगाडीची वाट बघतात तशी. बोळात मात्र भट्टी. नाइजल बोळात थबकला आणि म्हणाला, "अरेच्चा, अगदी आमच्यासारखं." मग पिशवी घेऊन बैठकीच्या रेडिएटरशी गुडघ्यावर बसला. तिथं माझं निळं-पांढरं पट्ट्यांचं टोपडं. किती शोभत होतं! मी सवयीनं वाकले. "थांब, काढते, तुझे हात..."

"राहू द्या आई, मी काढतो," तो म्हणाला.

त्यानं टोपड्यात बोट घातलं. मग बोट बाहेर काढून गालाला लावलं, ऊब बघतात तसं. टोपडं काढलं आणि नुसता बसून राहिला. थोड्या वेळानं रेडिएटर आतून टकटक वाजायला लागला आणि तापला. नाइजलनं टोपडं परत चढवलं. बसून राहिला. रेडिएटर हळूहळू गप्प. पुन्हा काढलं. टकटक. असं तो पोरासारखा खेळत बसला. म्युरियल माझ्याकडे बघते, मी छताकडे.

"हे कधी चढवलंत?" त्यानं विचारलं.

"जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी. का हो?"

नाइजल वळला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं.  दाढी सगळी थरथरत होती. मला वाटलं याला आता उचकी लागणार. मग त्यानं घसा खाकरला.

"मिसेस स्पेन्स्ली," तो म्हणाला, "तुमचे व्हॉल्व्ह जुन्या बनावटीचे आहेत. यांना टोपडं सोसत नाही. उघडेच ठेवा."

"आणि विनीकडचे?"

"आमचे नवे आहेत. मजबूत. आमच्यात तसा काही प्रश्नच नव्हता."

जुन्या बनावटीचे! हॅरोगेटच्या बहिणीसमोर! म्युरियलचा चेहरा असा झाला की मला तो चौकटीत लावून भिंतीवर टांगावासा वाटला. बहिणीनं एक भुवई वर केली. सातही टोपडी काढून मी स्वतः मांडणीवर ओळीनं मांडून दिली, शोभेला. निघेपर्यंत बहिणीनं फरकोटाचं एक बटण उघडलं होतं.

मोटारीत बसल्यावर नाइजलनं किल्लीच लावली नाही. कपाळ स्टीअरिंगवर टेकवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. हसतोय की रडतोय, देव जाणे. ओठ दिसत नाहीत हो! मी पाठीवर थोपटलं. गिलियन थोपटते तसं. "एवढं मनाला लावून घेऊ नकोस रे. लोकांचे व्हॉल्व्ह जुने असले तर तू तरी काय करशील?"

त्यावर तर त्याचा भोंगाच वाजला.

डोळे पुसून झाल्यावर म्हणाला, "आई, ती लाल लोकर आहे ना तुमच्याकडे, ती तुम्ही कशाला आणलीय?"

"मुंड्यांना. नवी टोपडी."

"मला स्वेटर हवाय," तो म्हणाला.

मी म्हटलं, "तुला? आधीचा मांजर वापरते."

"तो लहान झाला. मला मोठा हवा. सगळी लोकर लावा. गुडघ्यापर्यंत आला तरी चालेल. आणि सावकाश करा, घाई नाही. उन्हाळ्यात झाला तरी चालेल. मी रोज घालेन, आई. वचन."

आता एवढं कोणी तोंडानं मागितल्यावर? मुंड्या काय, मुंड्या थांबतील. त्यांना कुठं तोंड आहे. घरी आल्याबरोबर टाके घातले. तो समोरच बसला होता, माझ्या खोलीत, पहिल्यांदाच आपणहून. त्याचा पृथ्वीचा गोळा मी गॅरेजमधून परत आणायला सांगितला, खिडकीत ठेवलाय. दोघांना पुरेल एवढी खोली आहे.

गिलियन चहा घेऊन आली. नाइजलनं काही सांगितलं असेल म्हणून मी तिचे ओठ बघत होते, पण ती नुसती म्हणाली, "स्वेटर? याला?" तो म्हणाला, "हो. मला." बस्स.

मग मला आठवलं. "अरे नाइजल, बोळातल्या भिंतीवर तो पांढरा डबा आहे ना, ऊब मोजतो तो? गारठून जात असेल बिचारा. उरलेल्या लोकरीतून त्यालाही एक छानसं..."

चहा त्याच्या नाकातून आला. "उरणार नाही, आई," तो म्हणाला. "बाह्या लांब करा."

"किती लांब?"

"खूप."

मी माप घेतलं. हात काही तेवढे लांब नाहीत त्याचे. पण करते. जावयाचा हट्ट.